फासाकडून मागाकडे : सर विल्यम स्लीमन आणि जबलपूरची उद्योगशाळा



जबलपूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि नर्मदेचा धुवाँधार प्रपात उभा राहतो. आपल्यापैकी काहींचे नातलग रेल्वेच्या किंवा तेथील सरकारी कारखान्यांच्या नोकरीनिमित्त त्या शहरी राहिलेले असतील. त्यांनी गुरंदी बाजाराचे नाव कदाचित आपल्या कानांवर घातले असेल. ‘गोयंदा’ या शब्दावरून हे नाव पडले, असे तेथील जुनी माणसे सांगतात. गोयंदा म्हणजे खबर देणारा. हे खबरे कोणी साधेसुधे लोक नव्हते. ते ठग होते. वाटसरूंशी मैत्री जोडावी, त्यांच्याबरोबर चार मुक्काम चालावे, त्यांच्याबरोबर जेवावे आणि मग रुमालाचा फास गळ्याला लावून त्यांचे प्राण घ्यावेत, हा त्यांचा धंदा. पुढे त्यांनीच आपल्या साथीदारांची नावे सरकारला सांगितली आणि त्या मोबदल्यात त्यांना जीवदान मिळाले.

जीवदान दिलेल्या माणसाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न ज्या अधिकाऱ्यापुढे उभा राहिला, त्याचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे. ठगांचा नायनाट करणारा म्हणून विल्यम हेन्री स्लीमन यांचे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकांतून वाचलेले असते. परंतु ही कथा फाशीच्या तख्तापाशी संपत नाही. १८३७ साली जबलपूर येथे माफी मिळालेल्या ठगांसाठी व त्यांच्या मुलांसाठी एक उद्योगशाळा निघाली. वयाने वाढलेल्या गुन्हेगारांना नवा धंदा शिकविणाऱ्या आपल्या देशातील आरंभीच्या संस्थांत तिची गणना करावी लागेल. त्या शाळेला काय साधले आणि काय साधले नाही, हे दोन्ही आपल्या विचारास योग्य आहे.

कॉर्नवॉलहून नर्मदेकाठी

विल्यम स्लीमन यांचा जन्म ८ ऑगस्ट १७८८ रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील स्ट्रॅटन या गावी झाला. वडील फिलिप स्लीमन हे अबकारी खात्यात अधिकारी होते. घराणे मध्यम स्थितीचे. अशा घरांतील अनेक तरुणांप्रमाणे विल्यमनेही कंपनी सरकारच्या फौजेचा मार्ग धरला आणि १८०९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो बंगालच्या सैन्यात दाखल झाला. १८१४ ते १८१६ या काळात झालेल्या नेपाळच्या युद्धात त्यांनी भाग घेतला. त्या मोहिमेत गोळीपेक्षा तापाने अधिक माणसे नेली. स्लीमन वाचले, तरी तापाने त्यांचा पिच्छा पुढे पुष्कळ वर्षे सोडला नाही.

छावणीतील रिकामा वेळ पुष्कळ अधिकारी पत्ते आणि शिकार यांत घालवीत. स्लीमन यांनी तो भाषा शिकण्यात घालविला. अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी या भाषा त्यांनी चांगल्या आत्मसात केल्या. शेतकरी, शिपाई, गावचा पाटील यांच्याशी दुभाष्यावाचून बोलता येणे ही त्यांची खरी शक्ती होती, आणि पुढे ठगांच्या तपासात तीच कामी आली.

१८२० साली त्यांना मुलकी खात्यात घेण्यात आले व सागर-नर्मदा मुलखातील गव्हर्नर जनरलच्या एजंटाचे साहाय्यक म्हणून नेमण्यात आले. हा मुलूख मराठी वाचकांना परका नाही. १८१७-१८ च्या युद्धापूर्वी तो नागपूरकर भोसले व पेशवे यांच्या अमलाखाली होता. सागर, जबलपूर, नरसिंहपूर या गावांतून आजही मराठी घराणी नांदत आहेत. युद्धानंतर फौजा मोडल्या, हजारो शिपाई बेकार झाले, आणि रस्ते असुरक्षित बनले. अशा वेळी हा प्रदेश इंग्रजांच्या हाती आला होता.

१८२२ साली स्लीमन यांच्याकडे नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार सोपविण्यात आला. तेथील दोन वर्षे आपल्या आयुष्यातील अतिशय कष्टाची होती, असे ते पुढे म्हणत. जिल्ह्यातील एकही चोरी आपल्या नजरेतून सुटत नाही, अशी त्यांची समजूत होती. काही वर्षांनी सत्य बाहेर आले, तेव्हा या आत्मविश्वासाचा पाया ढासळला. त्यांच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत असलेल्या कंदेली गावात ठगांची एक टोळी घर करून राहत होती. नरसिंहपूरपासून एका मुक्कामावर सागर आणि भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक आमराई होती. तिच्या सावलीत वाटसरू विसावा घेत. तीच आमराई ठगांच्या खुनांच्या मोठ्या ठिकाणांपैकी एक निघाली. अधिकारी न्यायासनावर बसलेला आणि हाकेच्या अंतरावर खुनी सुखाने नांदत आहेत, ही गोष्ट स्लीमन यांनी लपवून ठेवली नाही. आपल्या पुस्तकात ती त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपले अज्ञान असे उघडपणे कबूल करणारे अधिकारी सर्व काळी थोडेच असतात.

ठगीचीही एक शाळाच होती

वाचकहो, पुढील भाग समजण्यासाठी ठगी हा काय प्रकार होता हे थोडे पाहिले पाहिजे. पावसाळा संपला की टोळ्या घराबाहेर पडत. कोणी व्यापारी बने, कोणी शिपाई, कोणी यात्रेकरू. वाटेत भेटलेल्या प्रवाशांना, रस्ता धोक्याचा आहे, एकत्र जाऊ या, असे सांगून ते आपल्यात सामील करून घेत. योग्य जागा आली की ठरलेल्या खुणेवर एकाच वेळी सर्वांचे गळे आवळले जात, आणि प्रेते तेथेच पुरली जात. रक्त सांडत नसे व साक्षीदार उरत नसे. मेलेला माणूस परमुलखातील असल्याने महिनोन् महिने त्याची विचारपूसही होत नसे. टोळ्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही होते. घरी परतल्यावर ते शेती करीत, सण साजरे करीत, आणि लुटीचा काही भाग गावच्या जमीनदाराला पोचता करीत. त्यामुळे त्यांना आश्रयाची वाण कधी पडली नाही.

या धंद्यात कामाची वाटणी ठरलेली होती. वाटसरूला गोड बोलून जाळ्यात ओढणारे निराळे, फास घालणारे निराळे, खड्डे खणणारे निराळे. त्यांची ‘रामसी’ नावाची सांकेतिक बोली होती. सर्वांत विदारक गोष्ट त्यांच्या मुलांची होती. बापाबरोबर निघालेल्या मुलाला पहिल्या खेपेस काही दाखवीत नसत. त्याला खाऊ मिळे, तट्टावर बसायला मिळे. पुढच्या खेपेस त्याला लुटीची चाहूल लागू देत. त्याच्याही पुढे प्रेत दिसे. असे करीत करीत काही वर्षांनी रुमाल त्याच्या हाती येई, आणि तोवर त्याच्या मनातील घृणा मरून गेलेली असे. पायरीपायरीने, मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकविला जाणारा हा एक व्यवसायच होता. त्याला गुरू होते, हत्यारे होती, परिभाषा होती आणि वारसही होते.

हे ज्याच्या ध्यानात आले, त्याला केवळ फाशीने काम भागणार नाही हेही कधी ना कधी उमगणारच होते.

तपास आणि त्याची किंमत

१८२८ साली जबलपूर जिल्ह्याचा कारभार स्लीमन यांच्याकडे आला. त्यांची जिज्ञासा चौफेर होती. त्याच वर्षी जबलपूरजवळच्या टेकडीवर त्यांना प्राचीन प्राण्याची अश्मीभूत हाडे सापडली. भारतात सापडलेले डायनोसॉरचे हे अगदी आरंभीचे अवशेष होत. मॉरिशसहून उसाची सुधारलेली जात आणून त्यांनी जबलपुरात लावली होती. २१ जून १८२९ रोजी त्यांचा विवाह अमेली जोझेफिन या फ्रेंच सरदारकन्येशी झाला. या बाईंनी पुढे तंबूतील, प्रवासातील आणि धोक्यातील आयुष्य पतीबरोबर निमूटपणे काढले.

ठगांविरुद्धची मोठी मोहीम याच सुमारास सुरू झाली. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक आणि सागरचे एजंट फ्रान्सिस कर्वेन स्मिथ यांचा तिला पाठिंबा होता. १८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा ठगांचा जमादार स्लीमन यांच्या हाती लागला. त्याला पकडण्यासाठी त्याची आई, बायको आणि मूल यांना आधी अटकेत ठेवण्यात आले होते. कुटुंबाच्या मायेने तो जवळपास घुटमळत राहिला आणि सापडला. जीवदानाच्या आश्वासनावर तो बोलू लागला. सलोहदा येथील आमराईत स्लीमन यांचा तळ पडलेला असताना त्याने जमिनीतील जागा दाखविल्या. तेथे खणताच एकामागून एक सांगाडे निघाले. ज्या जमिनीवर स्लीमन पतिपत्नींनी निर्धास्तपणे तंबू ठोकला होता, तिच्याखाली कित्येक वाटसरू पुरलेले होते.

त्यानंतर साक्षीदारांची रांग लागली. स्लीमन एकेकाची जबानी स्वतः घेत. ती दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहत. त्यांनी ठग घराण्यांच्या वंशावळी तयार केल्या, खुनांच्या जागांचे नकाशे काढविले, आणि रामसी बोलीचा कोश जमवून तो १८३६ साली प्रसिद्ध केला. १८३५ साली ते ठगीविरोधी मोहिमेचे सर्वाधिकारी झाले व जबलपूर हे त्या कामाचे मुख्य ठाणे बनले. नोंदींनुसार १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठगांचा निकाल लागला. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली, ४८३ जण माफीचे साक्षीदार बनले, आणि बाकीच्यांना काळे पाणी किंवा जन्मठेप मिळाली.

हे आकडे वाचताना आपण क्षणभर थांबावे, असे मला वाटते. प्रवासाचे रस्ते निर्भय झाले, ही गोष्ट लहान नव्हती. कित्येक घरांतील माणसे सुखरूप घरी परतू लागली. परंतु ते साधताना न्यायाची मोजमापे सैल करण्यात आली. १८३६ च्या कायद्याने नुसते ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. अमुक खून अमक्याने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पुराव्याचा सारा भार माफीच्या साक्षीदारांवर होता, आणि आपला जीव वाचविण्यासाठी बोलणाऱ्या माणसाचा शब्द किती खरा मानावा, हा प्रश्न तेव्हाही होता. जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्यात येई. आजचे इतिहासकार असेही दाखवून देतात की, ठग म्हणजे साऱ्या देशभर पसरलेला एक गूढ पंथ, हे स्लीमन यांनी रंगविलेले चित्र बरेचसे अतिरंजित होते. भूक, बेकारी, मोडलेल्या फौजा आणि जमीनदारांचा लोभ यांनीही पुष्कळांना या मार्गाला लावले होते. चरित्रनायकाचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही.

तंबू, सतरंज्या आणि गालिचे

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. शेकडो माफीचे साक्षीदार जबलपुरात जमले होते. सरकारने त्यांना प्राणाचे अभय दिले होते, परंतु मोकळे सोडण्याचे वचन दिले नव्हते. त्यांची बायकामुलेही तेथे आणून वसविण्यात आली होती. मोहीम जोरात होती तोवर हे लोक शिपायांबरोबर गावोगाव जाऊन साथीदारांची ओळख पटवीत. जसजसे ते काम सरत गेले, तसतसे ते रिकामे बसू लागले. दिवसभर बसून ते काय बोलत असतील? जुन्या मोहिमांच्या गोष्टी. आणि त्या कोण ऐकत असेल? त्यांची वाढत्या वयाची मुले. मोडून काढलेली शाळा तुरुंगाच्या भिंतीआड पुन्हा भरण्याचे भय होते.

स्लीमन यांनी या भयाचे उत्तर दुसरी शाळा काढून दिले. त्यांचे सहकारी कॅप्टन चार्ल्स ब्राऊन यांच्या देखरेखीखाली १८३७ साली जबलपूरची उद्योगशाळा उभी राहिली. हळूहळू तेथे कापड विणणे, तंबू शिवणे, सतरंज्या आणि गालिचे तयार करणे असे उद्योग चालू झाले.

हे सोपे नव्हते. या माणसांची उमेदीची वर्षे निराळ्याच कसबात गेली होती. त्यांच्यापैकी पुष्कळांना हातमागावर बसणे हलके वाटे. आपण जमादार, आपण सुभेदार, आपण विणकर कसे होणार, असा त्यांचा ताठा होता. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या माणसाने प्रथमच मागावर बसून सुताशी झगडणे म्हणजे काय, हे ज्यांनी प्रौढांना अक्षरे किंवा हस्तकला शिकविली आहे त्यांना सांगावयास नको. बोटे वळत नाहीत, मन लाजते, आणि शेजारचे पोर आपल्यापेक्षा लवकर शिकते. तरीही शाळा तगली. तयार माल विकला जाऊ लागला आणि त्या कष्टांतून चार पैसे हाती येऊ लागले. लुटीशिवाय हाती आलेला पैसा पुष्कळांनी बहुधा प्रथमच पाहिला असेल.

मुलांच्या बाबतीत तर या शाळेचे महत्त्व याहून मोठे होते. ठगाच्या मुलाला बाप जे शिकविणार, तेच तो होणार, ही साखळी येथे तुटली. बापाच्या शेजारी बसून मुलगा रुमालाचा फास शिकण्याऐवजी तंबूच्या दोरीची गाठ शिकू लागला. जबलपूरचे तंबू आणि गालिचे पुढे नावाजले, आणि एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरांत त्यांची नोंद झाली. १८७६ साली इंग्लंडचे युवराज जबलपुरात आले, तेव्हा म्हातारे झालेले काही ठग त्यांना दाखविण्यात आले. ज्यांच्या नावाने एके काळी वाटसरू थरथर कापत, ते आता पांढऱ्या केसांचे कैदी होते.

तंबू हा शब्द आला की आपल्याला एका दुसऱ्या तंबूकाराची आठवण होते. संत पौल हेही तंबू करून आपला चरितार्थ चालवीत असत, आणि त्यांचाही पूर्वायुष्यात दुसऱ्यांच्या छळात हात होता. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात, पूर्वी चोरी करणाऱ्याने पुढे काय करावे, हे सांगताना त्यांनी केवळ चोरी सोडण्यास सांगून विषय संपविला नाही. त्याने स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत आणि त्यातून गरजवंताला देण्यासारखे काही उरवावे, एवढे मोठे ध्येय त्यांनी त्याच्यापुढे ठेवले. जबलपूरच्या शाळेने यांतील पहिली गोष्ट केली, कष्ट शिकविले. दुसरी गोष्ट मात्र तिला जमली नाही.

भिंत राहिलीच

कारण जो माणूस स्वतःच्या मर्जीने दाराबाहेर जाऊ शकत नाही, त्याला द्यायचे कोणाला आणि कसे? साक्षीदारांना मरेपर्यंत पहाऱ्यात राहावे लागले. फिरून सुटका नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्याहून मोठा अन्याय मुलांवर झाला. ज्यांनी कोणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता, तीही केवळ ठगांची मुले म्हणून पुष्कळ काळ नजरेखाली राहिली. त्यांना धंदा मिळाला, परंतु लोकांचा विश्वास मिळाला नाही. स्लीमन यांनी त्यांच्या हातांवर विश्वास ठेवला, पण त्यांच्या पायांवर ठेवला नाही, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पुढे शतक सरत आले, जुने ठग एकेक करून मरण पावले, आणि ठगांची शाळा इतिहासजमा होऊन त्या ठिकाणी वाट चुकलेल्या मुलांसाठी सुधारशाळा चालू लागली. परंतु रक्तावरून माणसाला गुन्हेगार ठरविण्याची सवय सरकारला लागली ती लागलीच. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि त्याने सबंध जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. आपल्या महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी, भामटे आदी लोकांना त्याचे चटके बसले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड अशी कुटुंबे ठेवली गेली. तेथेही शाळा होती, तेथेही काम होते, आणि त्या वसाहतीच्या कारभारात अमेरिकन मराठी मिशनचाही हात होता. मिशनच्या लोकांनी तेथे पुष्कळ माया आणि मेहनत ओतली. तरीही कुंपण ते कुंपणच. १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. पण एखादी चोरी झाली की पोलिसांचा पहिला संशय कोणाकडे वळतो, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे.

अखेरची वर्षे

१८३९ साली स्लीमन यांच्याकडे दरोडेखोरीच्या बंदोबस्ताचेही काम आले. १८४१ साली लखनौच्या रेसिडेंटची मोठी जागा त्यांना देऊ करण्यात आली होती. परंतु त्या जागेवर असलेले कर्नल लो यांची आयुष्याची पुंजी एका पेढीच्या दिवाळ्यात बुडाली आहे आणि त्यांना नोकरीची गरज आहे, असे कळल्यावर स्लीमन यांनी ती जागा नाकारली. १८४३ ते १८४९ या काळात ते ग्वाल्हेरला रेसिडेंट होते, आणि १८४९ साली अखेर लखनौला गेले. त्यांचे प्रवासवर्णन १८४४ साली प्रसिद्ध झाले. त्यात शेतकरी, झाडे, विहिरी, सण आणि गावगाडा यांविषयी त्यांनी ज्या आपुलकीने लिहिले आहे, ती आजही वाचकाला जाणवते.

लखनौला त्यांच्या जिवावर हल्ल्याचे प्रयत्न झाले. अवधच्या गैरकारभारावर त्यांनी कठोर टीका केली. तरीही ते राज्य खालसा करून कंपनीच्या मुलखाला जोडण्यास त्यांचा विरोध होता. असे केल्याने लोकांचा आपल्यावरील विश्वास उडेल, आणि त्याचा परिणाम देशी शिपायांवर होईल, असा इशारा त्यांनी दिला होता. तो कोणी मनावर घेतला नाही. प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी निघाले, आणि १० फेब्रुवारी १८५६ रोजी सिलोनजवळ ‘मोनार्क’ जहाजावर त्यांचा अंत झाला. देह समुद्रातच विसर्जित करण्यात आला. सर ही पदवी त्यांना मृत्यूच्या चार दिवस आधी मिळाली होती. त्याच फेब्रुवारीत अवध खालसा झाले, आणि पुढच्याच वर्षी सत्तावनचा वणवा पेटला.

इंग्लंडच्या मातीत त्यांना जागा मिळाली नाही, पण जबलपूरहून कटनीकडे जाताना स्लीमनाबाद नावाचे गाव लागते. ते त्यांच्या नावाने वसलेले आहे. आता ते कटनी जिल्ह्यात मोडते.

आपल्यासाठी

वाचकहो, हे चरित्र आपल्यापुढे ठेवण्याचे कारण जुन्या साहेबाची स्तुती करणे हे नाही. उद्योगशिक्षण हा आपल्या मंडळीच्या परंपरेचा एक भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनच्या औद्योगिक शाळेत मुले सुतारकाम व धातुकाम शिकली. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई त्याच मध्य प्रांतात गेल्या. तेथून उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणले, आणि पुढे मुक्ती मिशनमध्ये विणकाम, छपाई, शेती असे उद्योग शिकविले. त्या मुलींपैकी कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका झाल्या, कोणी संसाराला लागल्या. रमाबाईंनी शिकविलेले काम मुलींना जगात जाण्यासाठी होते. जबलपूरच्या शाळेतील काम कैद्याला आत रमविण्यासाठी होते. दोन्ही ठिकाणी माग होते, परंतु मागाच्या पलीकडचे दार एका ठिकाणी उघडे होते आणि दुसऱ्या ठिकाणी बंद.

आजही आपल्या कारागृहांतून सुतारकाम, शिवणकाम, विणकाम शिकविले जाते. शिक्षा भोगून एखादा माणूस बाहेर येतो, तेव्हा त्याच्या हातात कसब असते. मग तो आपल्या गावात, कदाचित आपल्याच मंडळीत, कामाच्या शोधात येतो. त्याला दुकानात ठेवायला आपण धजत नाही. त्याच्या मुलाला सोयरीक मिळत नाही. त्याने शिकलेले काम मग हळूहळू विसरले जाते, आणि जुनी माणसे मात्र त्याला विसरत नाहीत. ती त्याला लगेच जवळ करतात.

स्लीमन यांच्या हाती सत्ता होती, पैसा होता, आणि शाळा उघडण्याची बुद्धीही होती. दार उघडण्याचे धैर्य मात्र त्यांना झाले नाही, आणि ज्यांचे हात एवढ्या खुनांनी रंगलेले होते, त्यांच्या बाबतीत ते न झाल्याबद्दल त्यांना फारसा दोष देता येणार नाही. आपल्यापुढे असलेली माणसे ठग नाहीत. कोणी दारूच्या नादात मारामारी केलेला असतो, कोणी भुकेपोटी चोरी केलेला असतो, कोणी फक्त विमुक्त जमातीत जन्मलेला असतो. त्यांच्यासाठी दार उघडण्यास आपणांस गव्हर्नर जनरलच्या परवानगीची गरज नाही. एखाद्या सुताराने, एखाद्या शिंप्याने, एखाद्या छापखान्याच्या मालकाने अशा एका माणसाला कामावर घ्यावे, एवढेच पुरे आहे.

आपल्या मंडळीत असा कोणी कारागीर आहे काय? कदाचित तो कारागीर आपणच असाल.